शाळेची पट्टी

सुट्टीतल्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या हातात गणिताच्या कागदांचा गठ्ठा ठेवला. वीस दिवस, वीस कागद. "रोज एक सोडवून घ्यायचा, बाई. नवीन खुळं नकोत."

मी गठ्ठा कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. वर्षभर ज्या कागदांनी ही अकरा मुलं नापास केली, तेच भर उन्हाळ्यात पुन्हा त्यांच्या घशात कोंबायचे? मला नाही जमत. माझा स्वभाव आधीपासूनच तिरका; वरिष्ठांची बोलणी खाऊन तो आणखी तिरका झालाय.

मग आम्ही जिन्यावर तीन-तीन पायऱ्यांच्या उड्या मारत पाढे म्हटले. बादलीतलं पाणी तांब्यातांब्यानं वाटून अपूर्णांक केले, त्यात निम्मा वर्ग भिजला. मैदानातल्या खांबाची सावली दर तासाला खडूनं आखली. एवढा गोंगाट व्हायचा की शिपाईमामा येऊन आमचं दार ओढून घ्यायचे.

गप्प असायची ती फक्त घुमी. हे नाव मुलांनीच ठेवलेलं, कारण पोर ताकास तूर लागू द्यायची नाही. तिची आई समोरच्या गल्लीत शिवणकाम करायची. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बाई, दोन गुणांनी गेली ही. या वर्गातही जमलं नाही, तर दाखला काढते. मशीनवर बसेल माझ्याबरोबर."

ते दोन गुण मला चांगले आठवत होते. परीक्षेत एकेकानं ऑफिसात जाऊन मुख्याध्यापकांच्या टेबलाची लांबी मोजायची होती. सगळ्यांनी ऐंशी सेंटिमीटर लिहिली. घुमीनं शाळेची लाकडी पट्टी बाजूला ठेवली, वितीनं टेबल मोजलं आणि शहात्तर लिहिलं. लाल फुली मीच मारली होती.

दुसऱ्या आठवड्यात मला पडद्यांची कल्पना सुचली. दुपारी ऊन थेट फळ्यावर यायचं, काही दिसायचं नाही. म्हटलं, तिन्ही खिडक्यांना पडदे आपणच करू. मापं, बेरीज, गुणाकार सगळं त्यात आलं. घुमीच्या आईनं उरलेलं कापड दिलं. आणि काय सांगू, घुमी आपण होऊन उठली! खिशातून आईची टेप काढली, खिडक्या मोजल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'शिवणीसकट नव्वद'. बाकीच्यांनी भिंतीवरची शाळेची पट्टी उतरवली आणि नव्वदवर खुणा करून कापड कापलं. घुमी शेजारी उभी राहून बघत होती. खालची शिवण मात्र तिनं कुणाला घालू दिली नाही.

शेवटच्या दिवशी पालकांसमोरच पडदे लावायचे, असा मुलांचा हट्ट. लावले. तिन्ही पडदे दोन-दोन बोटं आखूड! खालून उन्हाची पट्टी आत आली आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मुख्याध्यापकांना तेवढंच हवं होतं. "खेळ केला की हेच होतं. माझ्याकडच्या किल्लीनं कपाट उघडून गठ्ठा पाहिलाय मी, बाई, त्याची दोरीसुद्धा सुटलेली नाही." मग ते घुमीकडे वळले. "माप तूच घेतलंस ना? बैस आता आणखी एक वर्ष त्याच वर्गात."

घुमीची आई पुढे आली. तिच्या हातात दाखल्याचा अर्ज तयारच होता. या पोरीला मीच खड्ड्यात घातलं, असं वाटलं.

"माझं माप बरोबर आहे," घुमी म्हणाली. "शाळेची पट्टी कमी आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मुख्याध्यापक म्हणाले.

घुमीनं पट्टी खिळ्यावरून काढली, जमिनीवर ठेवली आणि शेजारी टेप सोडली. सगळे वाकून बघू लागले. पट्टीवरचं शंभर टेपच्या शहाण्णववर संपत होतं.

"अहो, तिचं टोक चिरलं होतं," शिपाईमामा दारातून कौतुकानं म्हणाले. "पोरांच्या हातात कुसळं जायची. मीच करवतीनं कापलं, वरून मस्त गडद पॉलिश मारलं. झाली की चार-पाच वर्षं."

चार-पाच वर्षं! पहिले चार आकडे करवतीनं गेलेले, पुढचे पॉलिशखाली झाकलेले, आणि आमची उत्तरंही त्याच पट्टीनं काढलेली. चूक कळणार तरी कशी? मी म्हटलं, "सर, अंगणच वाकडं निघालं."

मग मी घुमीला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"परीक्षेत. माझी वीत एकोणीसची आहे. चार विती भरल्या."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं, बाई?"

नसतं ऐकलं. मला भर वर्गात लाज वाटली. "पण कापड कापताना तरी सांगायचंस!"

"पडदे आखूड पडल्याशिवाय पट्टी कुणी मोजली नसती."

आई तोवर पडद्यापाशी गेली होती. तिनं खालची कड उलटली. आत चांगली रुंद घडी ठेवलेली होती. तिनं दातानं दोरा तोडला, शिवण सरसर उसवली, आणि पडदा खिडकीच्या खाली उतरला. फळ्यावरचं ऊन गेलं. आईनं लेकीकडे पाहिलं आणि दाखल्याचा अर्ज मुठीत चुरगळला.

"निकाल नोंदवून झालाय," मुख्याध्यापक म्हणाले. "आता काही बदलता येणार नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "फुली माझी आहे सर, ती मीच खोडणार. निकाल तसाच ठेवायचा असेल, तर त्याबरोबर ही पट्टीही वर पाठवा. मी बांधून देते."

"एका टेपवर मी कसा विश्वास ठेवू?"

"ठेवू नका. टेबल तुमचंच आहे. चला."

आम्ही सगळे ऑफिसात घुसलो, पालक, मुलं, पट्टी काखोटीला मारलेले शिपाईमामा. घुमीनं टेबलावरच्या फायली स्वतःच्या हातानं बाजूला सरकवल्या. टेप अलीकडच्या कडेला मुख्याध्यापकांच्या हातात दिली. "घट्ट धरा," म्हणाली, आणि शून्याचं टोक ताणत पलीकडच्या कडेपर्यंत गेली.

"वाचा आता," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा सारखा केला, वाकले आणि टेप पुन्हा एकदा ताणून पाहिली.

"शहात्तर," घुमी म्हणाली. "तेव्हाही शहात्तरच होतं, सर."