बांधासकट जमीन

धोंडुबाईने तिसरं गिऱ्हाईक घालवलं तेव्हा मात्र हरेश दलालाचा तोल सुटला. तिच्याच ओटीवर बसून त्याने तिला सुनावलं, की जमीन विकायची असेल तर आधी तोंड बंद ठेवायला शिक. तिचा मुलगा प्रणित शेजारीच उभा होता आणि आईची बाजू घ्यायची सोडून दलालाच्या सुरात सूर मिळवत होता.

जिते स्टेशनच्या पलीकडे, खाडीला लागून तिची भाताची खाचरं होती. हरेशने मोबाईलवर त्यांचं असं काही वर्णन टाकलं होतं, की धोंडुबाईलाच आपली जमीन ओळखू येईना. खाडीकिनारी, निसर्गरम्य, गाडी थेट जागेपर्यंत, कुणाची कटकट नाही. हे शेवटचं प्रणितने वाचून दाखवलं आणि तिचं डोकं फिरलं. कटकट नाही कशी? खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध, तोही गावाने हाताने घातलेला. उधाणाला तो फुटून खांड पडली की हाक जाते आणि ज्याची ज्याची जमीन, त्या प्रत्येक घरातलं एक माणूस चिखलात उतरतं. जोळ म्हणतात त्याला. एक घर आलं नाही तरी खारं पाणी सगळ्यांच्याच भातात शिरतं.

आणि म्हणूनच ती विकायला निघाली होती. नवरा गेल्यापासून तिच्या घरातून बांधावर कुणी येत नव्हतं. प्रणितला कंपनीत शिफ्ट, तिचे गुडघे कामातून गेलेले. गाव तोंडावर बोलत नसे. दीर काळुराम मुकाट्याने तिच्या वाट्याचं काम उरकायचा आणि तेच तिला जास्त झोंबायचं. हाकेला धावून येईल अशा माणसाच्या हातात जमीन द्यायची, एवढंच तिच्या मनात होतं. त्यामुळे येईल त्या गिऱ्हाइकाला ती आधी बांध दाखवायची आणि ताठ मानेने सांगायची, की इथे एक हाक मारली की गाव धावतं, तुम्हीपण यायचं. जमिनीचा याहून मोठा गुण तो काय, असं तिला वाटायचं. गिऱ्हाइकं गाडी वळवून जायची.

चौथा माणूस अश्विनातल्या पुनवेच्या दुपारी आला. सुजय नावाचा, मुंबईचा, पायात पांढरे बूट. हरेशने आधीच दम भरला होता, प्रणितने हात जोडले होते, म्हणून धोंडुबाई दात आवळून गप्प राहिली. सुजय बांधावर उभा राहून वारा खात होता, पेणला जेवण कुठे चांगलं मिळतं ते विचारत होता, इतक्यात पलीकडून काळुरामची हाक आली. बांधाला खांड पडली होती.

भात ऐन दाण्यात आलेलं. माणसं पुढ्यातलं ताट सारून धावली. गावातल्या विमलबाई, काशीबाई पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायला लागले.

धोंडुबाई प्रणितला म्हणाली, "उतर."

"आये, पाव्हनं आलेत," तो पुटपुटला.

मग तीच उतरली. गुडघ्यातली कळ मस्तकात गेली, पण मांडीभर चिखलात उभी राहून ती हात चालवत राहिली. भरती ओसरायला लागली तोवर खांड बुजली होती.

वर येऊन बघते तर सुजयने सगळं मोबाईलवर टिपलेलं. गडी नुसता खूश होता. हरेशला म्हणत होता, की हे आधी का नाही सांगितलंत, जाहिरातीत हेच टाकायला हवं होतं. इथे तो खोल्या बांधणार होता, दर पुनवेला पाहुणे आणणार होता, त्यांना बांधावर खुर्च्या आणि गरम चहा देणार होता. मागितलेल्या भावाच्या वर द्यायचीही त्याची तयारी होती. प्रणितचा चेहरा फुलला.

धोंडुबाईच्या अंगावरून चिखल निथळत होता. तिने विचारलं, "आन् तुमच्या घरचं कोन उतरनार?"

"मावशी, तुमची माणसं आहेत ना. हवं तर मी मजुरी देईन."

"मजूर नाय आमी. आमचं भात हाय तितं. आमचा जीव जातो तो खुर्चीत बसून बघनार तुमी? पानी शिरंल तवा काय टाळ्या वाजवनार? उतरा बांधावरनं. नाय विकायची मला."

हरेशने कपाळाला हात लावला. मग जाहिरातीत लिहायचं तरी काय, असं त्याने वैतागून विचारलं.

"लिव, जमीन हाय, तिच्यासंगं काम हाय. बघनाऱ्याला मिलनार नाय."

प्रणित भडकला. "आता तुज्या वाट्याला कोन येनार? मी नाय येनार, सांगून ठेवतो."

"तू आज इतंच होतास," ती म्हणाली.

तो सुजयच्या गाडीत बसून निघून गेला. पोटच्या पोराचा एवढा संताप तिला कधी आला नव्हता. तिला रडूसुद्धा फुटेना. काळुराम हातपाय धुऊन आला तेव्हा ती बांधावरच बसून होती.

"भावजी, रातच्याला परत भरती हाय. माज्या वाट्यावर मी उभी रानार. तुमी हात लावायचा नाय."

काळुरामने तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग हातातलं घमेलं तिच्यापुढे ठेवलं.