सावळेरामबाबांचा धागा

जुन्नरच्या बाजारपेठेत डिंपलच्या सासरचं दुकान होतं. पुढे किराणा, मागच्या खोलीत हिरडा. पश्चिमेकडच्या डोंगरातली माणसं रानातून हिरडा गोळा करून पोत्यानं आणायची, आणि त्यांच्या गप्पा ऐकता ऐकता डिंपलला लिहायचा नाद लागला. तिचा एक ब्लॉग होता. कुणाकडची नाचणीची आंबील, कुठली एसटी बंद झाली, कोणत्या गल्लीत कल्हईवाला अजून बसतो, असं काहीबाही ती त्यात लिहायची. वाचणारे थोडेच होते.

तिच्या जावेचा मुलगा संयम पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. जुन्नर-आंबेगावातून बाहेर गेलेल्या लोकांसाठी त्यानं इंटरनेटवर एक फोरम काढला होता, ‘डोंगरकट्टा’ नावाचा. तिथे कुणी एखादा विषय काढायचा आणि बाकीच्यांनी त्याखाली लिहीत जायचं. अशा विषयाला तिथली मंडळी ‘धागा’ म्हणायची.

सुट्टीला आला तेव्हा संयम म्हणाला, “काकी, तुमच्या ब्लॉगवर कॉमेंट येतात का?”

“या महिन्यात तीन आल्या. त्यातल्या दोन केस वाढवायच्या तेलाच्या.”

“मग तुमचा ब्लॉग माझ्या सर्व्हरवर आणतो आणि फोरमला जोडून देतो. तुम्ही पोस्ट टाकली की फोरमवर तिचा धागा आपोआप निघेल. लोक तिथे बोलतील ते तुमच्या पोस्टखाली दिसेल. तुम्ही इथून उत्तर दिलंत की ते तिथे जाईल.”

“म्हणजे दोन्ही एकच होणार?”

“एक नाही, काकी. जोडलेले.”

डिंपलला फरक कळला नाही, तरी ती हो म्हणाली. संयमनं दिवसभर बसून काम केलं आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोहे परतत होती, तेव्हा ओट्यावरचा फोन एकसारखा वाजायला लागला. तिनं पाहिलं तर ‘डोंगरकट्टा’वर सगळ्यात वर एक धागा होता: ‘घाटघरचे सावळेरामबाबा हिरड्याच्या झाडावरून पडले, तातडीनं रक्त हवं आहे.’ खाली माणसं विचारत होती. कोणता दवाखाना? रक्तगट कोणता? मी चाकणहून निघतोय.

डिंपलनं गॅस बंद केला. बाबा पुन्हा पडले? सावळेरामबाबा त्यांच्या दुकानात डिंपलचे सासरे जवरीलाल यांच्या काळापासून हिरडा घालायचे. मागे एकदा ते खरंच झाडावरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि तेव्हा डिंपलनंच ब्लॉगवर रक्तासाठी लिहिलं होतं. तिनं धागा उघडून वाचला. शब्द तिचेच होते, पण तारीख आजची होती. आणि लिहिणारीचं नाव होतं कस्तुरबाई.

कस्तुरबाई म्हणजे तिच्या सासूबाई. त्या समोरच मटार सोलत बसल्या होत्या. त्यांना फोन उचलण्यापलीकडे मोबाईलमधलं काही येत नव्हतं.

झालं होतं ते असं. ब्लॉग हलवताना सगळ्या जुन्या पोस्टींचे धागे नव्यानं निघाले होते आणि फोरमनं त्यांना आजची तारीख दिली होती. दुकानाच्या ज्या ईमेलवर ब्लॉग होता त्यावरूनच डिंपलनं पूर्वी कधीतरी फोरमवर सासूबाईंच्या नावाचं खातं उघडलं होतं, ते यंत्रानं ओळखून तिच्या लिखाणाला चिकटवलं होतं. पण हे संयमनं तिला मागाहून सांगितलं. त्या वेळी त्याचा फोन बंद होता, आणि धागा काढून टाकायचं बटण डिंपलला दिसतच नव्हतं.

तिनं घाईघाईनं पोस्टखाली लिहिलं, ‘सावळेरामबाबा तर कधीच गेले घरी. अगदी बरे आहेत. काळजी नसावी.’

तिला हायसं वाटलं. ते पोहे खाऊन होईपर्यंत टिकलं. फोरमच्या पहिल्या पानावर उत्तराचे सुरुवातीचे चारच शब्द दिसतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिथे दिसत होतं: ‘कस्तुरबाई: सावळेरामबाबा तर कधीच गेले…’

धागा उघडायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. हात जोडलेली चित्रं आली. ‘डोंगराचा माणूस गेला’ असं कुणी लिहिलं. मग घरातला फोन वाजला. कस्तुरबाईंनी उचलला, बराच वेळ ऐकून घेतलं आणि ठेवला.

“आळ्याचे चांगदेव होते,” त्या म्हणाल्या. “विचारत होते, माती किती वाजता आहे. तुम्हीच सांगितलंत म्हणाले. मी कुणाला काय सांगितलं गं?”

डिंपलनं सांगायचा प्रयत्न केला. ब्लॉग, फोरम, जोडलेले, पण एक नाही. सांगता सांगता तिचा तिलाच गुंता झाला.

“म्हणजे सावळेराम आहेत की नाहीत?” कस्तुरबाईंनी विचारलं.

ते बरे होऊन घरी गेले होते हे डिंपलला पक्कं माहीत होतं. पण गेल्या हंगामानंतर तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. यंदा हिरडा निघायला लागला तरी ते दुकानात आले नव्हते. त्यांच्या मुलाला, गोकुळला, तिनं फोन लावला. घाटघरला रेंज नसते. तो लागला नाही.

“चल,” कस्तुरबाई उठल्या. “माझ्या नावानं माणूस मेलाय. मला जाऊन बघू दे.”

घाटघरची एसटी थेट दुपारी होती; त्या स्टँडवर आल्या तेव्हा ती उभी होती. त्यांच्या पुढच्या बाकावर एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडत होती. कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी तिला नीट बोलता येईना. कस्तुरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“कुठून आलात बाई?”

“डिंब्याकडनं. घोडेगावला गाडी बदलली, हितं बदलली.” म्हातारीनं डोळे पुसले. “भाऊ गेला माजा. सावळेराम.”

डिंपल पुढे वाकली. “मावशी, ते गेलेले नाहीत. ती चूक झाली आहे.”

“न्हाई पोरी. माज्या नातीनं फोनवर वाचून दावलं. जुन्नरच्या कस्तुरबाईनं लिवलंय. लई मोठ्या घरची बाई हाय ती, खोटं कशाला लिवंल?”

“मीच कस्तुरबाई,” सासूबाई म्हणाल्या. “मी काही लिहिलेलं नाही.”

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. मग डिंपलकडे वळून म्हणाली, “मंग कुणी लिवलं?”

“मी. पण मी ते घरी गेले असं लिहिलं होतं.”

“घरी गेला का देवाघरी गेला?”

“घरी. आपल्या घरी. पण ते तेव्हा, मागे पडले होते ना, तेव्हा.”

“कवा पडला?” म्हातारीचं रडणं थांबलं. “कुटनं पडला?”

तिला ते माहीतच नव्हतं. डिंपलनं सांगितलं, झाडावरून पडले, ऑपरेशन झालं, महिनाभर दवाखान्यात होते. म्हातारी खिडकीबाहेर तोंड करून बसली. तिचं नाव चिमाबाई, हे नंतर कळलं. डिंपल वाटेतल्या प्रत्येक वळणावर मनात म्हणत होती, आहेत, असतीलच. आणि तिचाच तिच्यावर विश्वास बसत नव्हता.

घराच्या पडवीत पंधरा-वीस माणसं बसलेली लांबून दिसली. कुणी बोलत नव्हतं. बायका एका बाजूला, टोप्या हातात घेतलेले पुरुष दुसऱ्या बाजूला. चिमाबाईनं तिथेच रस्त्यावर बसकण मारली.

गोकुळ हातात तांब्या घेऊन बाहेर आला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता. “ताई, तुमी पन? काय झालंय काय? सकाळपसनं लोक येत्यात. कुणी काय इचारत न्हाई, नुसतं माज्या खांद्यावर हात ठिवत्यात आन बसत्यात. मी पानी देतोय आपला.”

“बाबा कुठे आहेत?”

“हिरड्याला गेल्यात. येतील एवढ्यात.”

डिंपलनं ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. पडवीतल्या माणसांनीही ते ऐकलं, पण कुणी लगेच उठलं नाही. आलोय तर आता काय करायचं, असं झालं असावं.

तेवढ्यात घरामागच्या वाटेनं सावळेरामबाबा आले. खांद्यावर अर्धं पोतं, हातात काठी, चालताना एका पायानं लंगडत. दारातली गर्दी पाहून ते जागच्या जागी थांबले. पोतं खाली ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात विचारलं, “कोन गेलं?”

आळ्याहून आलेले चांगदेव खाली बघत खाकरले. बाबांनी एकेकाचा चेहरा निरखला, घरातलं माणूस तर नाही ना म्हणून गोकुळकडे पाहिलं, आणि मग त्यांना रस्त्यात बसलेली बहीण दिसली.

“चिमे? तू कवा आलीस?”

चिमाबाई उठली. सगळ्यांना वाटलं ती गळ्यात पडेल. ती भावासमोर गेली आणि त्याच्या काठीकडे बोट दाखवून म्हणाली, “ही कशाला लागती तुला?”

बाबांनी काठी मागे घेतली.

“पडला व्हतास. मला कळवलं न्हाईस. आन आज परत झाडावर चढलास.”

“तवा तुज्या घरी दाजी आजारी व्हते. तुला आनकी कशाला घोर.”

“म्या कोन तुजी? सगळ्या मुलखाला ठावं हाय, मला न्हाई.” तिचा आवाज फुटला. “आज मेलास म्हनून कळलं तवा पडला व्हतास ते कळलं.”

“कोन मेलं?” बाबांनी पुन्हा विचारलं.

मग डिंपलनं पुढे होऊन सगळं सांगितलं, जमेल तसं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांना बहुतेक काही कळलं नसावं. ते म्हणाले, “सूनबाई, तुमी तवा लिवलं म्हनून मला रगत मिळालं. ते लिवनं वाईट कसं आसंल?” आणि कस्तुरबाईंना बसायला घोंगडी टाकायला सांगितली. गोकुळची बायको जया चहा ठेवायला आत गेली.

गोकुळनं डिंपलच्या फोनवर बाबांचा चहा पितानाचा फोटो काढला आणि तो घेऊन डिंपल रेंज मिळते त्या टेकाडावर गेली. फोटो फोरमवर टाकला. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, ‘जुना फोटो. बाबांच्या आठवणी कायम राहतील.’ तेवढ्यात संयमचा फोन लागला. तो आधी हसला, मग तिचा आवाज ऐकून हसायचा थांबला. त्यानं जुने धागे सगळे बंद केले, नाव दुरुस्त केलं, आणि ‘बाबा हयात आहेत’ असं स्वतःच्या नावानं मोठ्या अक्षरात वर लावलं.

“काकी, जोडणी तोडून टाकू का?” त्यानं विचारलं.

डिंपलनं खाली पाहिलं. पडवीत माणसं आता मोठ्यानं बोलत होती. चिमाबाई भावाकडे पाठ करून त्याच्याच पोत्यातला हिरडा निवडत बसली होती. चार दिवस राहते, असं ती जयाला सांगून मोकळी झाली होती.

“माहीत नाही रे,” डिंपल म्हणाली. “मला उद्या विचार.”

परतीच्या गाडीसाठी सासू-सून फाट्यावर आल्या तेव्हा एसटीतून तीन माणसं उतरली. एकाच्या हातात कागदात गुंडाळलेला हार होता.

“बाई, सावळेरामबाबांचं घर कुठलं?”

डिंपलनं कस्तुरबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला आणि हातानं वाट दाखवली.

“ते तिकडे, पडवीचं. जा, चहा चालू आहे.”