हरणाची सागुती आणि बाबांचा उपास

मिलिंद तसा थापाड्या माणूस नव्हता. इंग्लंडातल्या रीडिंग शहरात चौदा वर्षं काढली, पण कौन्सिलच्या फॉर्मवर एक अक्षर खोटं लिहिलं नसेल. थाप मारली ती एकच, पण ती निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले.

झालं असं, की त्याचा बॉस ग्रॅहम दर नोव्हेंबरात स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांच्या शिकारीला जायचा. एकदा लंचच्या वेळी तो तिथल्या कॅम्पच्या गोष्टी सांगत होता आणि सगळं ऑफिस तोंडाचा आ करून ऐकत होतं. मिलिंदला राहवेना. "माझे आजोबा शिकारी होते. वाघ मारलेत त्यांनी," तो म्हणून गेला. आजोबा चंद्रपूरच्या जंगलात शिकारीच्या कॅम्पवर असायचे, एवढं खरं. पण हातात बंदूक नसायची, झारा असायचा. आजोबा तिथे स्वयंपाकी होते.

ग्रॅहमने लगेच कॅम्पचं आमंत्रण दिलं. नागपूरहून आलेल्या वडिलांनाही घेऊन ये, आपल्याकडची शिकार त्यांच्या पद्धतीने रांधू, म्हणाला. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

"बाबा, तिथे फार बोलू नका हं," ट्रेनमध्ये मिलिंदने बजावलं. "काही सांगायचं असेल तर मला सांगा, मी ट्रान्सलेट करीन."

"बरं," विष्णूराव म्हणाले आणि मांडीवरची मसाल्याची पिशवी सावरून खिडकीबाहेर बघू लागले.

शनिवारी सकाळी ओढ्याकाठी तंबूंपुढे चूल पेटली. तीन दिवस टांगून ठेवलेली हरणाची मांडी बाबांनी बोटाने दाबून पाहिली, मान डोलावली आणि सुरी मागितली. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, दगडफूल. बिडाच्या जाड पातेल्यात सागुती रटरटायला लागली तशी ऑफिसच्या मंडळींतला एकेक जण खुर्ची उचलून चुलीजवळ सरकला. बाबांची कळी खुलली. पंच्याहत्तरीचा माणूस, पण धुरात असा वावरत होता की मिलिंदलाच धाप लागावी.

"तुमच्या वडिलांची एखादी आठवण सांगा ना," ग्रॅहम म्हणाला. मिलिंदने ते मराठीत सांगितलं आणि बाबांनी झारा खाली ठेवला.

"स्वयंपाक्याने सगळ्यांचं झाल्यावर, मागे बसून जेवायचं, असा कॅम्पचा नियम. पण एकदा आबांच्या हातची सागुती अशी जमली, की बडा साहेब स्वतः उठला. आपल्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाला, 'किसन, बस.' मी लहान होतो, डोळ्यांनी बघितलं. आबा मरेपर्यंत ती खुर्ची सांगत होते."

सगळे मिलिंदकडे बघत होते. "ते म्हणतायत," तो इंग्रजीत म्हणाला, "आजोबांनी एकदा वीस पावलांवरून वाघ टिपला."

टाळ्या पडल्या. बाबांनी क्षणभर मुलाकडे पाहिलं आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त ईशिताने. ऑफिसातली ही पोरगी लंडनमध्ये, स्टॅनमोरला जन्मलेली. तिचं मराठी 'कसं काय' पलीकडे जात नाही, अशी मिलिंदची समजूत. ती त्याच्या कानाशी आली. "मिलिंद, तू असं का बोलला? काकांनी तर टोटली वेगळा स्टोरी सांगितला."

मिलिंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो म्हणाला, "प्लीज, आत्ता नको."

दुपारी पानं वाढली. पहिला घास घेऊन ग्रॅहमने डोळे मिटले आणि मग तो ताटावरून उठलाच. शेजारची खुर्ची ओढून चुलीकडे हात करत म्हणाला, "सर, तुम्ही इथे बसा."

बाबांनी हात पुसले. एक पाऊल पुढे टाकलं. बाबा तिथे बसले, ईशिता शेजारी आली आणि पुन्हा तीच गोष्ट निघाली, तर? मिलिंद चटकन मध्ये पडला.

"त्यांचा आज फास्ट आहे," तो घाईघाईने म्हणाला. "धार्मिक असतो."

ग्रॅहमने दोनदा माफी मागितली. बाबा आले तसे मागे वळले आणि भाताचं भांडं उचलून वाढू लागले. कुणाला काय हवं नको ते सगळं पाहिलं. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं, हे मिलिंदला ठाऊक होतं. खाली मान घालून तो जेवला. सागुती फार सुरेख झाली होती, याचीच जास्त लाज वाटली.

सगळे ओढ्यावर हात धुवायला गेले तेव्हा त्याने उरलेलं ताटात काढलं आणि तंबूमागे गेला. बाबा उकिडवे बसून राखेने झारा घासत होते.

"बाबा, जेवून घ्या. कुणी नाहीये आता."

"आज उपास आहे ना माझा."

मिलिंदने ताट खाली ठेवलं. "तुम्हाला कळलं?"

"एकतीस वर्षं पोस्टात काढली, मिलिंदा. एवढं इंग्रजी येतं. वाघही कळला." बाबांनी झाऱ्यावर पाणी ओतलं. "वाघाचं काही नाही रे. मारू दे आबांना एखादा. पण साहेब खुर्ची ओढत होता."

मिलिंदने मागे वळून पाहिलं. ग्रॅहमच्या खुर्चीशेजारी ती दुसरी खुर्ची अजून तशीच ओढलेली होती.