थोरल्याचा नमस्कार

मिसूनने नैवेद्याच्या नासपतीचा देठाकडचा काप काढला, ताटलीत सुका मासा मांडला आणि हिरवळीवर चटई अंथरली. समोरच्या काळ्या शिळेवर, युद्धात याच किनाऱ्यावर उतरून मेलेल्या शाळकरी सैनिकांची नावं होती. चौथ्या ओळीत नाम सांगग्यू, तिच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ.

"मामंजी, या बघू. वारा सुटलाय."

तिचे सासरे मानग्यू अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. शेजारी या स्मारक-बागेच्या कचेरीतल्या प्योबाई यादी घेऊन उभ्या होत्या. शिळा नव्याने कोरायची होती आणि नावांतली चूक सांगायचा आज शेवटचा दिवस होता.

"आमच्या नावात कसली चूक!" मिसून म्हणाली. "दरवर्षी तर बघतो."

म्हाताऱ्यांनी पेल्यात तांदळाची दारू ओतली. मग चटईवर न जाता ते ताठ उभे राहिले. नमस्काराच्या बाबतीत त्यांनी कधी हयगय केली नव्हती.

"अहो, डोकं टेकवायचं ना? गुडघे धरलेत का?"

"थोरला धाकट्यापुढे डोकं टेकत नसतो."

सासऱ्यांना भ्रम झाला, असं वाटून मिसून प्योबाईंकडे पाहून ओशाळं हसली.

"सैन्याचं बोलावणं मला आलं होतं," ते म्हणाले. "सांगग्यू मी. आई म्हणाली, थोरला गेला तर पितरांचं कोण करणार? तर हा, खरा मानग्यू, म्हणाला, मी जातो दादाच्या नावावर. सोळा वर्षांचा. टोपी कानांवर येत होती. मी दाराआड उभा होतो. नको जाऊस, एवढंसुद्धा म्हणालो नाही."

मिसूनच्या हातातली सुरी तशीच राहिली. तिच्या नवऱ्याच्या, मुलांच्या सगळ्या कागदांवर मानग्यूच होता.

"त्याचं नाव त्याला द्या, बाई. मी आता किती दिवसांचा?"

प्योबाईंना विचारणं भाग होतं.

"साक्षीदार लागतो, आजोबा. हे ठाऊक असलेलं कुणी?"

"आई होती."

त्यांनी शिळेच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"पण त्या दिवसापासून तिने मला मानग्यूच म्हटलं. घरात आम्ही दोघंच असलो तरी. मरेपर्यंत एकदासुद्धा चुकली नाही."