गायत्रीच्या वाट्याचं काम

आमच्या घरी मारामारीचीसुद्धा रीत ठरलेली होती. आधी गजेंद्र जेवणाचं ताट फेकायचा. ताट भिंतीवर आपटलं की माझी सासू उषाबाई गॅसपाशी बसल्या बसल्या सांगायची, "खिडकी लाव वं पोरी, लोके आयकतीन." मग माझी सात वर्षांची गायत्री उठायची, खिडकी ओढायची, कडी घालायची, टीव्हीचा आवाज मोठा करायची आणि पलंगाखाली शिरायची. तिचं आवरलं की त्याचं सुरू व्हायचं.

खोली मिलची होती. पलसाण्याला हायवेच्या आत, कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या मागे कामगारांच्या खोल्यांची ओळ आहे, त्यातली सातवी. भांडणाची तक्रार गेली की खोली खाली करायला लावतात. म्हणून माझ्या सासूला माझ्या बरगड्यांपेक्षा खिडकीची काळजी जास्त. मी काही गरीब गाय नव्हते. माझी जीभ चालायची, हातही चालायचा. एकदा मी त्याच्या अंगावर उकळता चहा फेकला होता, तो थोडक्यात वाचला. मला आजही वाईट वाटतं ते तो वाचल्याचं.

गेल्या होळीच्या दिवशी त्याने मला केसांना धरून दारापर्यंत ओढलं. काय कारण होतं विचाराल तर भाजीत मीठ कमी होतं, किंवा मिलमध्ये जॉबरने, म्हणजे मुकादमाने, आई-बहिणीवरून शिव्या दिल्या होत्या, काहीही असेल. माझा डावा हात चौकटीवर होता. त्याने तो हात तिथेच दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने दार लोटलं. करंगळी चिरडली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, टीव्हीवर कार्टून चालू असताना ऐकला. मग मी त्याच्या दंडाला चावले. तोंडात रक्त येईपर्यंत सोडलं नाही. त्याने माझं डोकं तीनदा भिंतीवर आपटलं तेव्हा कुठे माझे दात सुटले.

दुसऱ्या दिवशी तो पाळीला गेला आणि मी गायत्रीला घेऊन शहरात पर्वत पाटिया भागात आले, माझ्या धुरपदामावशीकडे. मावशी साड्यांवर चमकते स्टोन चिकटवायचं काम घरी आणते. उरलेल्या नऊ बोटांनी मीही तेच करायला लागले.

इकडे गजेंद्र आपला दंड बांधून घ्यायला मिलच्या दवाखान्यात गेला. तिथे सुवर्णाबेन होत्या. नवापूरच्या ख्रिस्ती बाई, सरकारी नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, आता आठवड्यातून तीन दिवस मिलमध्ये पट्ट्या बांधतात आणि रविवारी पर्वत पाटियाला साडीच्या गोदामावरच्या हॉलमध्ये प्रार्थना चालवतात. गजेंद्रने सांगितलं, कुत्रं चावलं. बेनने जखम बघितली आणि म्हणाल्या, "ह्या कुत्र्याला बत्तीस दात दिसतात. त्याला तू काय केलं होतं?" म्हणे गजेंद्र तिथेच स्टुलावर बसून रडला. मला तो कधी रडलेला दिसला नव्हता, परक्या बाईसमोर मात्र लगेच जमलं.

तिथून त्याचं सुधारणं सुरू झालं. बेनने आधी त्याला सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरकडे नेलं. "गोळी खायची आणि प्रार्थनाही करायची, एकीच्या बदल्यात दुसरी नाही," असं बजावलं. मग दर बुधवारी पाळी सुटल्यावर तासभर बसवून बोलायच्या. राग चढला की काय करायचं तेही शिकवलं. दाराबाहेर पडायचं, दोन्ही हात पाठीमागे गुंफायचे, श्वास आत घेताना 'प्रभू' म्हणायचं, सोडताना 'शांती' म्हणायचं, आणि हात आपोआप सैल होईपर्यंत घरात यायचं नाही. उषाबाईने आधी कपाळ बडवून घेतलं. सप्तशृंगीला सोडून हा कुठे चालला! पण दोन महिने एकही ताट भिंतीवर गेलं नाही तेव्हा तिचा विरोध मावळला. एके दिवशी ती मावशीकडे आली आणि मला म्हणाली, "मना पोऱ्या सुधरी गया. जॉबरनी शिवी दिधी तरी हात मांगे करीसन बाहेर निंघी गया. आते तू बी जरासं समजी ले."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. नवरा होता माझा. पाठीमागे हात बांधून मिलच्या फाटकाजवळ पुटपुटत उभा असलेला गजेंद्र डोळ्यांपुढे आला आणि मला त्याची दयाही आली. आणि त्याच क्षणी असा संताप आला की हातातली स्टोनची पुडी मी सासूच्या पायाशी आपटली. चार श्वास घेऊन जमत होतं, तर आठ वर्षं काय करत होता हा माणूस?

जुलैमध्ये सुवर्णाबेनचा निरोप आला. रविवारी प्रार्थनेला या, गजेंद्रला काही बोलायचं आहे. त्यानंतर मी घरी परत जाणार की नाही ते ठरवायचं होतं. उषाबाईने तर मी येणार म्हणून खोलीच्या भिंतींना नवा चुना मारून घेतला होता.

हॉल मोठा होता. चाळीसेक माणसं खाली सतरंजीवर बसलेली, व्याराची, सोनगडची, काही आमच्यासारखी खानदेशातली. एका बाजूला ढोलकी आणि खंजिरी ठेवलेली. चारही खिडक्या उघड्या, खाली टेम्पोवाले साड्यांची पार्सलं चढवत ओरडत होते. पुढे एकच प्लास्टिकची खुर्ची मांडली होती आणि तिच्यासमोर स्टीलची मोठी परात. मला वाटलं बेन बसणार असतील. बेनने मला हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं. गायत्री खाली उषाबाईशेजारी बसली.

गजेंद्र उठला. वजन उतरलं होतं, दाढी केलेली होती. त्याने साक्ष दिली, म्हणजे आपल्यात काय बदल झाला ते सगळ्यांपुढे सांगितलं. मोडक्या हिंदीत बोलला. राग म्हणजे सैतान आहे म्हणाला. सैतानाने माझा हात धरला होता, प्रभूने तो सोडवला म्हणाला. लोक "आमेन" म्हणत होते. मी माझ्या करंगळीकडे बघत होते. तिला नख परत आलं नाही आणि ती वाकत नाही. कोणी धरला नव्हता हो त्याचा हात! त्याचा हात माझ्या केसांत होता.

मग तो परातीपुढे गुडघ्यांवर बसला. माझे पाय उचलून परातीत ठेवले आणि तांब्याने पाणी घातलं. सुवर्णाबेन सांगत होत्या की आमच्यात हे नम्रतेचं लक्षण आहे, स्वतः प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्यांच्यात असेल. आमच्यात पाय धुतात लग्नात, जावयाचे. माझ्या बापाने अशाच परातीत ह्या गजेंद्रचे पाय दुधापाण्याने धुतले होते आणि ते पाणी डोळ्यांना लावलं होतं. त्याच पायांनी पुढे त्याने माझ्या पोटात लाथा घातल्या, गायत्रीनंतरचं पोर त्यातच गेलं. परातीतलं पाणी कोमट होतं.

उषाबाई हमसून हमसून रडत होती. शेजारची एक बाई म्हणाली, "माफ करी दो, बेन." दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. सुवर्णाबेन माझ्या कानाशी वाकल्या. "मनात असेल तर त्याच्या डोक्यावर हात ठेव, बेटा." मनात असेल तर! चाळीस माणसं माझ्या हाताकडे टक लावून बसली होती. मारलं तेव्हा खिडकी लावून मारलं, आणि माफी मात्र भर मंडळीत मागायची. नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती मला कोणी.

मी हात मांडीवरच ठेवला. गजेंद्रने टॉवेलने माझी टाच पुसली, मान वर केली आणि ओठ न हलवता म्हणाला, "ठेव ना हात. समदा देखी राहिनात." आणि त्याचा अंगठा माझ्या घोट्यावर दाबला गेला. थोडासाच. तो दबका आवाज मला पाठ होता. ताट फेकण्याच्या आधीचा आवाज होता तो.

मी लाथ घातली. पूर्ण ताकदीने, सरळ त्याच्या तोंडावर. परात उलटून फरशीवर आपटली, केवढा तरी आवाज झाला, पाणी पहिल्या रांगेतल्या लोकांच्या अंगावर गेलं. त्याचा खालचा ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं आणि त्याच क्षणी त्याने माझा घोटा पकडला आणि पिरगळला. खुर्ची कलंडली, मी डोक्यावर पडले. तो माझ्यावर होता, गुडघा माझ्या पोटावर, मूठ वर गेलेली. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला एकेरीत ओरडले, "मार! मार ना आते! आते दखाड सगळासले!" खरंच मला तेव्हा वाटत होतं की त्याने मारावं. एकदा उजेडात मारावं आणि चाळीस जणांनी बघावं.

कोणीच हललं नाही. तेवढ्यात कर्र असा आवाज आला.

गायत्री खिडकी लावत होती. ती कधी उठली मला कळलं नाही. परात वाजली तेव्हाच उठली असणार. एक खिडकी लावून तिने कडी घातली. दुसरीपाशी गेली, टाचा वर करून ती ओढली, कडी घातली. तिसरी. चौथीला हात पोचत नव्हता, तर तिने खाली बसलेल्या एका काकांची पिशवी सरकवून तिच्यावर पाय दिला. चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही, शाळेचं दप्तर भरताना असतो तसा चेहरा. चारही लावून झाल्यावर तिने हॉलभर नजर फिरवली. टीव्ही शोधत होती. टीव्ही नव्हता. मग तिने कोपऱ्यातली खंजिरी उचलली आणि दोन्ही हातांनी जोरजोरात वाजवायला लागली.

मी खाली पडल्या पडल्या ते बघितलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते रडणं नव्हतं, गुरासारखं ओरडणं होतं. गजेंद्रनेही बघितलं. त्याची मूठ अजून वरच होती. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मूठ हळूहळू खाली आली. तो माझ्यावरून उठला, मागे सरकला, हात पाठीमागे घेतले. पण तो 'प्रभू' नाही म्हणाला.

सुवर्णाबेनने गायत्रीच्या हातातून खंजिरी काढून घेतली. "कोणी शिकवलं हे, बेटा?"

"दादी बोलती है," गायत्री म्हणाली, "लोग सुन लेंगे."

सगळ्यांनी उषाबाईकडे बघितलं. तिने पदर तोंडावर ओढला.

"गायत्री," गजेंद्र म्हणाला. ओठ फाटल्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं. "खिडक्या खोल."

गायत्री जागची हलली नाही. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. मला विचारलं, "मम्मी, खोलुं?"

"खोल," मी म्हटलं.

तिने एकेक करून चारही उघडल्या. खालच्या टेम्पोवाल्यांचा आरडाओरडा परत आत आला. गजेंद्र तिथेच उभा होता. या वेळी तो हिंदीत बोलला नाही. "होळीना दिन मी हिना हात चौकटमा धरा आनि दार लोटं," तो खिडकीबाहेर जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "हिना पोटमा लाथा मारात. सैतान नही व्हता. मीच व्हतू." या वेळी कोणी आमेन म्हणालं नाही. तो खाली बसला आणि सांडलेलं पाणी टॉवेलने पुसायला लागला. पाणी लाल झालं होतं.

सुवर्णाबेन माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. पासष्ट वर्षांची बाई. "चार महिने मी ह्याला विचारत होते, कसं वाटतं, काय वाटतं. तुला एकदा विचारलं नाही. सरळ खुर्चीवर आणून बसवलं. चूक झाली माझी." मग म्हणाल्या, "आता विचारते. तुला काय पाहिजे?"

आठ वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. माझा घोटा सुजत होता, डोक्यामागे टेंगूळ आलं होतं. "मला घरी नाही जायचं," मी म्हटलं. "त्याच्या गोळ्या, तुमची प्रार्थना, सगळं चालू ठेवा. त्याला बरं करा. पण बरं झाल्याचं बक्षीस म्हणून मला देऊ नका."

"नाही देणार," बेन म्हणाल्या. गजेंद्रने ऐकलं. तो पुसत राहिला.

याला दोन महिने झाले. तो अजून बुधवारी बसतो, असं कळतं. आता हॉलमध्ये पुढे खुर्ची मांडत नाहीत. सुवर्णाबेन शनिवारी आमच्याकडे येतात, गायत्रीसाठी. मावशीच्या गच्चीवर दोघी बसतात, बेन तिला श्वास घ्यायला शिकवतात. मला काय शिकवता म्हटलं तर म्हणतात, तू आधी शिव्या देऊन मोकळी हो, मग बघू. मी देते, आणि त्या ऐकून घेतात.

काल स्वयंपाक करताना मावशीच्या हातून पातेलं पडलं. गायत्री गृहपाठ सोडून उठली, खिडकीपर्यंत गेली, कडीला हात लावला. मग वळून माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. तिने कडीवरचा हात काढला आणि परत येऊन वहीपाशी बसली.