तेलाचे हात

शिरूरात रिबकाबाईला ओळखत नाही असा माणूस दाखवा! नवरी कुणाचीही असो, लग्नाच्या सकाळी तिची वेणी घालायला रिबकाबाईच लागायची. ही कला ती दौंडला शिकली, रेल्वे कॉलनीतल्या एका ड्रायव्हरच्या मडमेच्या हाताखाली. नवरा जयसिंग तेव्हा रेल्वेत फायरमन होता. यार्डात त्याचा पाय गेला, नोकरी गेली, आणि साठ साली दोघं चार लेकरं घेऊन शिरूरला परतली. तेव्हापासून घर चाललं ते तिच्या पत्र्याच्या पेटीवर. फण्या, आकडे, गंगावनं, स्नो-पावडर, सगळं त्या पेटीत.

आणि पेटीच्याही आधी चर्च. लग्न झाल्यापासून बाईनं एक रविवार चुकवला नव्हता. अंगात ताप असला तरी शाल गुंडाळून गीतं म्हणायला हजर!

तिथंच माशी शिंकली. भिमाजीआप्पा म्हणजे चर्चच्या मंडळीचे वडील, तिथले पंचच म्हणा. माणूस धुतल्या तांदळासारखा, पण जिभेला हाड नाही. त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "बाईची शोभा केस गुंफण्यात न्हाई, असं शास्त्रात लिवलंय. तू गावाला नटवत फिरतीस आन् प्रभूच्या मेजाशी येतीस? पुढच्या प्रभुभोजनाला ती पेटी माझ्या हवाली कर, न्हाईतर मेजाशी येऊ नगंस."

प्रभुभोजन महिन्यातून एकदा, येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा. तो महिनाभर रिबकाबाईला घास गोड लागला नाही. जयसिंग चिडला, "पेटी दिलीस तर लेकरांच्या तोंडात काय घालशील?"

"खुरपायला जाईन. पण भाकरीचं ताट समद्यांपुढं फिरतंय आन् माझ्यापुढं थांबत न्हाई, हे मला सोसायचं न्हाई."

प्रभुभोजनाच्या रविवारी पोरांना जयसिंगबरोबर पुढं धाडून ती पांढरं लुगडं नेसली, पेटी काखेत मारली आणि आप्पांच्या घरी निघाली.

आप्पांच्या ओसरीवर न्हावी वस्तऱ्याला धार लावत बसला होता. आतून रडणं ऐकू येत होतं. आप्पांची बायको अनसाबाई दोन महिने विषमज्वरानं खाटेला खिळली होती. ताप उतरला, पण केस गुंतून, चिकटून त्यांचा पार नमदा झाला होता. सुनेनं पाणी ओतून मुळापासून फणी ओढली, तसा गुंता आणखीच आवळला. शेवटी डोकं भादरायचं ठरलं.

"जित्या नवऱ्यादेखत मला बोडकी करताय!" अनसाबाई ओरडत होत्या. "त्यापरीस तापानंच न्यायचं व्हतं!" ख्रिस्ती झाल्या म्हणून काय झालं, बोडकी बाई म्हणजे विधवा, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं भय जातं कुठं? आप्पा खांबाला धरून उभे होते.

बरी खोड मोडली, असं रिबकाबाईच्या मनात आलं. खोटं कशाला बोला! पण ते आलं तसंच गेलं.

"मामा, वस्तरा मिटा," ती न्हाव्याला म्हणाली. सुनेकडून तिनं कोमट खोबरेल आणि दाभण मागून घेतलं, पेटी उघडली आणि अनसाबाईंच्या मागं बैठक मारली. गुंता ओढायचा नसतो. तेल मुरवायचं, आणि शेंड्याकडून दाभणाच्या टोकानं चार-चार केस सोडवत वर चढायचं. मडमेनं शिकवलं होतं तसं.

चर्चची घंटा वाजली.

"घंटा झाली," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"ऐकली, आप्पा. तुमी जावा. तुमच्याबिगर ताट कोण धरंल?" ज्या ताटासाठी ती स्वतःच्याच पोटावर पाय द्यायला निघाली होती, तेच आज चुकलं होतं. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं आणि चर्चकडं निघाले.

मग तिनं गीतं घरातच सुरू केली, हळू आवाजात, एका गाठीमागं एक. अनसाबाई रडता रडता पेंगल्या. दुपार चढली तेव्हा शेवटची गाठ सुटली. रिबकाबाईनं सैल वेणी घातली, ती त्यांच्या खांद्यावरून पुढं सोडली आणि आरसा धरला.

अनसाबाईंनी वेणी दोन्ही हातांनी चाचपली. "अगं बया! माझीच हाय की गं!"

तेवढ्यात आप्पा चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन दारात आले. आजाऱ्याला प्रभुभोजन घरी आणून द्यायची मंडळीची रीतच होती. आप्पांनी बायकोकडं पाहिलं आणि ते उंबऱ्यावरच बसले. डोळ्यांना धोतराचा सोगा लावून लहान मुलासारखे रडले.

रिबकाबाईनं पेटी मिटून त्यांच्यापुढं सरकवली. "तुमी म्हणला व्हता तशी आणलीया, आप्पा."

"ठेव ती गप!" आप्पा खेकसले. "येत्या शनवारी हिची वेणी कोण घालणार, मी?"

मग ते पाळकसाहेबांकडं वळले. "साहेब, दोघींना द्या."

रिबकाबाईनं झटकन हात पदराखाली घेतले. "आप्पा, हात तेलाचे हायत."

"व्हय, ठावं हाय मला कशानं झालं ते," आप्पा म्हणाले. "तसंच पुढं कर, पोरी."

अनसाबाईंनी खाटेवर जागा दिली. त्यांच्या शेजारी बसून रिबकाबाईनं हात पुढं केले.