ग्युहोचे बाबा

बाळाचा लंगोट बदलायला युंजूला फार तर पाच मिनिटं लागली असतील. तंबूतून बाहेर येऊन पाहते तो बाक रिकामा. "इथून हलू नका हं बाबा," असं तीनदा बजावलं होतं, आणि तिन्ही वेळा बाबांनी शहाण्यासारखी मान डोलावली होती.

त्याला आता पाऊण तास झाला होता.

चुनखडीची खाण बंद पडल्यावर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या त्या कड्यांवर लॅव्हेंडर लावलं होतं, आणि दर जूनमध्ये निम्मा गांगवोन प्रांत तिथे लोटायचा. बाबांनी इथे एकतीस वर्षं सुरुंग लावले. अलीकडे ते जेवलेलं विसरत, जावयाला पोस्टमन समजत. जुन्या जागी फुलं बघून त्यांना बरं वाटेल, हा हट्ट युंजूचाच. आई नको म्हणत होती.

खाणीच्या पोटात पाणी साठून तळं झालं होतं, हिरवं, काठाशी सरळ तुटलेलं. युंजूचे डोळे फिरून फिरून तिथेच जात. छातीशी बांधलेली सहा महिन्यांची पोर रडून लाल झाली होती, दुधाने सदरा भिजला होता, आणि ती बाबांच्यासारख्या एकेका पांढऱ्या टोपीमागे धावत होती. एका डोंगरावर पांढऱ्या टोपीचे म्हातारे असावेत तरी किती.

चौकशीच्या तंबूतल्या मुलीने कर्ण्यावर आडनावासकट चारदा पुकारलं, "चे मान्सिक, आपली मुलगी वाट पाहते आहे." कोणी आलं नाही. पहारेकरी हळूच म्हणाला, "तळ्यावर होडी पाठवतो."

"कशाला?"

"आपलं… बघायला." तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

युंजू तळ्याकडे वळली. शेजारी बटाट्याची धिरडी घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईने तिला धरून स्टुलावर बसवलं.

"मघापासून कोणाला पुकारताय गं?"

"माझ्या बाबांना. मान्सिक. सुरुंगवाले होते इथे."

"मान्सिक?" बाईने उलथनं थांबवलं. "माझ्या नवऱ्याची हयात गेली या खाणीत, मान्सिक कधी ऐकला नाही मी. नावाने हाक मारायला इथे काय पोलीस होते? थोरल्या पोराचं नाव घ्यायचं नि पुढे बाबा लावायचं. थोरलं कोण तुमच्यात?"

समुद्रात माकुळ मारायला गेलेली युंजूच्या थोरल्या भावाची बोट परतली नाही, त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या आठवड्यापासून आई नवऱ्याला 'युंजूचे बाबा' म्हणू लागली. भावाचं नाव घरातून गेलं ते गेलंच.

"ग्युहो," ती म्हणाली.

"ग्युहोचे बाबा होय? मग तसं सांग की. डोंगर फोडणारा माणूस, आणि बायकोपुढे मांजर. जा, तसं पुकारायला सांग."

"मावशी, भाऊ नाही आता."

धिरडं करपलं. बाईने ते खाली काढून ठेवलं. "तळं जवळ आहे, पोरी, पुकार," ती एवढंच म्हणाली.

युंजूने कर्णा मुलीच्या हातातून घेतला. "ग्युहोचे बाबा, फाटकाशी या. ग्युहोचे बाबा." कड्यांनी ते नाव परत केलं, एकदा, दोनदा.

वरच्या पायरीवर सुरुंग उडताना लपायचं जुनं सिमेंटचं खोपटं होतं. त्यातून बाबा निघाले. फुलांच्या वाफ्यांतून सरळ, जवळजवळ पळत, गुडघे पांढरे झालेले. युंजूने धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि तिला रडू फुटलं. बाबा तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"कुठाय?"

"कोण, बाबा?"

"फाटकाशी बोलावलं म्हणजे पोरगं डबा घेऊन आलं असणार."

"घरी जाऊ या ना. आई वाट बघत असेल."

"वेडी की काय? एवढा चढ चढून आलंय लेकरू, मी तोंडही न दाखवता जाऊ?" आणि ते फाटकासमोर जमिनीवरच बसले.

दादा आता नाही, हे वाक्य युंजूच्या ओठांवर दोनदा आलं. दोन्ही वेळा फाटकातून कुणाचं तरी मूल आत शिरलं आणि बाबा अर्धे उठले. ती शेजारी बसली, ओढणीआड पोरीला पाजू लागली. बाहेर पडणारी गर्दी त्यांना वळसा घालून जात होती.

"तू त्याला येताना पाहिलंस?"

"नाही, बाबा."

"मग चुकला असेल. केवढी माणसं ही." त्यांनी तिचा हात दाबला. "जा, त्याला पुकार. माझ्यासारखं तोही ऐकेल."

ती उठली, पोरीला खांद्यावर घेऊन तंबूत गेली. मुलीने न विचारता कर्णा पुढे केला.

"चे ग्युहो," युंजू म्हणाली. पुढचं निघेना. मग निघालं. "दादा, बाबा फाटकाशी बसलेत."

ती परतली तेव्हा बाबा आणखी एकाला बसता येईल एवढे बाजूला सरकले होते.

"आता येईल," ते म्हणाले.